'स्वतंत्र' ब्रिगेड म्हणजे काय? : ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या इतिहासाच्या आधारे

भारतीय लष्करातील एका नामवंत ब्रिगेडचे नाव '५० (स्वतंत्र) पॅराशूट ब्रिगेड' असे लिहिले जाते. कंसातला 'स्वतंत्र' हा शब्द सर्वसामान्य वाचकाला बुचकळ्यात टाकतो. ही ब्रिगेड कोणाच्या हुकमात नाही, असा त्याचा अर्थ नाही; ती इतरांहून शूर आहे, असाही नाही. शब्द हिशेबाचा आहे. एखादी ब्रिगेड आपल्या डिव्हिजनपासून दूर, एकटी पाठवली तर तिचे किती दिवस निभावेल, तिच्याजवळ स्वतःच्या तोफा, स्वतःचे पूल बांधणारे, स्वतःचे डॉक्टर, स्वतःचे वायरलेस आणि स्वतःची रसद आहे की नाही, या प्रश्नांचे उत्तर त्या एका शब्दात दडलेले असते. ते उत्तर कागदावर एका दिवसात लिहिले गेलेले नाही. १९४१ पासून पुढे अनेक लढायांमध्ये, आणि काही ठिकाणी फार मोठी किंमत देऊन, ते तयार झाले आहे.

हा विषय आपल्या वाचकांपुढे मांडण्यास आणखी एक कारण आहे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात या ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी केले. आपल्या शाळा-महाविद्यालयांत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या भाषणांत त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. पण या भाषणांत ते बहुधा निष्ठेचा पुरावा म्हणून उभे केले जातात. पाकिस्तानात जाण्याची संधी असताना ते गेले नाहीत आणि देशासाठी शहीद झाले, एवढ्यावर भाषण संपते. हे सर्व खरेच आहे. मात्र सेनापती म्हणून त्यांनी काय केले, कोणत्या साधनांनिशी केले आणि काय नसताना केले, हे त्यात गळून पडते. एका कर्तबगार सेनानीला समाजाच्या प्रशस्तिपत्रकासारखे वापरणे इतिहासाच्या अध्यापकाला शोभणारे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. उस्मान यांचे मोल कळायचे तर आधी ब्रिगेड म्हणजे काय हे कळले पाहिजे.

सर्वसाधारण पायदळ ब्रिगेडचा सांगाडा साधा असतो. तीन बटालियन, म्हणजे जुन्या भाषेत तीन पलटणी, आणि त्यांच्यावर एक लहानसे मुख्यालय. एका पलटणीत सुमारे ८०० माणसे धरली तर ब्रिगेडचे लढाऊ बळ अडीच हजारांच्या आसपास जाते. बंदूक, मशीनगन आणि उखळी तोफ यांपलीकडची जवळजवळ प्रत्येक गोष्ट वरच्या डिव्हिजनकडे असते. तोफखान्याच्या रेजिमेंट डिव्हिजनच्या, सुरुंग काढणारे आणि पूल टाकणारे इंजिनिअर डिव्हिजनचे, जखमींवर उपचार करणारी वैद्यकीय पथके डिव्हिजनची, दारूगोळ्याची आणि शिध्याची वाहतूक डिव्हिजनची, बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करणारा कारखानाही डिव्हिजनचाच. एकत्र कुटुंबात भाऊ वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, पण चूल, विहीर आणि बैलजोडी सामाईक असते, तसा हा प्रकार आहे. यात काटकसर आहे. ज्या ब्रिगेडवर हल्ला होईल तिच्यामागे डिव्हिजनच्या सगळ्या तोफा एकवटता येतात. अडचण येते ती ब्रिगेडला दूरच्या गावी पाठवायची वेळ आल्यावर. तेव्हा सामाईक संसारातून तिचा वाटा काढून द्यावा लागतो. हा वाटा त्या मोहिमेपुरता दिला तर ब्रिटिश काळापासूनच्या परिभाषेत तिला 'ब्रिगेड ग्रुप' म्हणतात. वाटा कायमचा तोडून दिला, म्हणजे चूलच वेगळी मांडली, की ती स्वतंत्र ब्रिगेड होते.

हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैन्याला ही वेगळी चूल इतर कोणापेक्षा जास्त गरजेची असते. ते शत्रूच्या पाठीमागे उतरते. तेथे रस्ता आपला नसतो, मागून येणारा ट्रक नसतो, शेजारी दुसरी ब्रिगेड नसते. पण विमानाच्या पोटात मावेल आणि छत्रीला पेलेल तेवढेच ओझे त्याला नेता येते. सर्वांत जास्त स्वयंपूर्ण असण्याची गरज ज्याला, त्यालाच सर्वांत कमी सामान नेण्याची मुभा, असा हा पेच आहे. पॅराशूट ब्रिगेडच्या रचनेतील प्रत्येक बदल या पेचातून निघालेला आहे.

५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभारण्यात आली. तिच्या तीन बटालियन होत्या : १५१ वी ब्रिटिश, १५२ वी भारतीय आणि १५३ वी गुरखा. १५१ वी पुढे मध्यपूर्वेकडे गेली आणि तिच्या जागी १५४ वी गुरखा बटालियन आली. या पलटणींबरोबर इंजिनिअरांची एक तुकडी होती, ती रॉयल बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे आपल्या खडकीच्या केंद्रातून घेतलेली. तिचा क्रमांक ४११. शिवाय ८० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स आणि एक मशीनगन कंपनी होती. म्हणजे सॅपर आणि डॉक्टर हे पहिल्यापासून ब्रिगेडच्या घरचे होते. तोफा मात्र नव्हत्या.

या उणिवेची कसोटी मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील उखरूलजवळ लागली. ब्रिगेडचे त्या वेळचे प्रमुख ब्रिगेडियर होप थॉमसन यांना हा भाग शांत समजून, जंगलयुद्धाच्या सरावासाठी म्हणून पाठवण्यात आले होते. हाताशी १५२ वी आणि १५३ वी अशा दोनच बटालियन होत्या. जपानी सैन्याची ३१ वी डिव्हिजन त्याच डोंगरांतून कोहिमाकडे निघालेली आहे, याची पुरेशी कल्पना कोणालाच नव्हती. १९ मार्चला पुढे असलेल्या १५२ व्या बटालियनच्या एका कंपनीवर जपान्यांनी झडप घातली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती कंपनी जवळजवळ नाहीशी झाली. उरलेली ब्रिगेड सांगशाक या नागा वस्तीच्या टेकडीवर एकवटली. तेथे तिला येऊन मिळाली ४/५ मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण. आपली मूळ ब्रिगेड दुसरीकडे गेल्यामुळे ती मागे राहिलेली होती. पर्वतीय तोफखान्याची एक बॅटरीही मिळाली.

सांगशाकची जागा लहान होती, लांबी आठशे यार्डांच्या आसपास. खाली कठीण खडक असल्याने खंदक खोल खणता येत नव्हते. काटेरी तार नव्हती. पाणी तर नावालाच होते. विमानांनी टाकलेली रसद एवढ्याशा जागेत नेमकी पडत नसे. तिचा बराचसा भाग जपान्यांच्या हाती जाई आणि वरचे लोक ते पाहत राहत. २२ ते २६ मार्च असे हे चालले. लढाईच्या धामधुमीत एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमावरील चढाई दाखवणारा नकाशा सापडला आणि तो वेढ्यातून बाहेर काढून इम्फाळला पोहोचवण्यात आला. २६ च्या रात्री माघारीचा हुकूम आला. उरलेले लोक अंधारात टेकडी उतरून जंगलातून इम्फाळच्या दिशेने निघाले. ब्रिगेडची हानी सहाशेच्या घरात होती.

सांगशाकने जपान्यांचे बहुमोल दिवस खाल्ले आणि कोहिमाला तयारीस अवधी मिळाला, हे आता सर्वमान्य आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातून वेगळी गोष्ट दिसते. ब्रिगेड तुटली ती माणसे कमी पडली म्हणून तितकी नाही, जितकी पाणी, तार आणि दारूगोळा संपला म्हणून. तोफा तर दुसऱ्याच्या, योगायोगाने जवळ आलेल्या. मराठा पलटणही तशीच. वेळेला उधार मिळाले म्हणून पाच दिवस निभावले. नसते मिळाले तर किती निभावले असते, हा प्रश्न ज्याचा त्याने करून पाहावा.

फाळणीच्या वेळी हवाई सैन्याचीही वाटणी झाली. ५० वी आणि ७७ वी पॅराशूट ब्रिगेड भारताकडे, १४ वी पाकिस्तानकडे. छत्री प्रशिक्षणाची जुनी शाळा चकलाला येथे होती, ती रावळपिंडीजवळ म्हणून पलीकडे गेली. भारताने ती आग्र्यात नव्याने उभी केली. ५० व्या ब्रिगेडमध्ये आता पंजाब, मराठा आणि राजपूत रेजिमेंटच्या प्रत्येकी एक अशा पॅरा पलटणी होत्या. यांतील मराठा पलटण म्हणजे ३ री मराठा लाइट इन्फंट्री. १९४४ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. बेळगावच्या मराठा केंद्रावरून रोज जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे नाते सांगण्यासारखे आहे.

१९४७ च्या हिवाळ्यात ही ब्रिगेड जम्मूच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात साध्या पायदळासारखी झुंजत होती. छत्र्या कोठारात होत्या. मीरपूर पडले होते, कोटलीतून माघार घ्यावी लागली होती आणि डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात झांगर हे रस्त्यांच्या तिठ्यावरचे ठाणे हातचे गेले. याच सुमारास ७७ व्या ब्रिगेडवर असलेल्या उस्मान यांच्याकडे ५० व्या ब्रिगेडची सूत्रे आली. आझमगढ जिल्ह्यातील बीबीपूरचा हा माणूस सँडहर्स्टला शिकलेला, मूळचा बलुच रेजिमेंटचा. ती रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानकडे गेल्यावर त्यांची नोंद डोग्रा रेजिमेंटमध्ये झाली. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी त्यांनी प्रतिज्ञा केली होती. ही आठवण सर्वत्र सांगितली जाते. त्यापुढचे फारसे सांगितले जात नाही.

उस्मान यांच्यापुढचा प्रश्न असा होता. नौशेरा हे गाव खोलगट जागी, चहूबाजूंना टेकड्या. जम्मूहून अखनूर, बेरी पत्तनमार्गे येणारा एकच लांब रस्ता, तोही वारंवार तोडला जाणारा. डिव्हिजनचा हात एवढ्या लांब पोहोचणे कठीण. नकाशावर ब्रिगेड डिव्हिजनच्या हाताखाली होती. प्रत्यक्षात तिला स्वतंत्र ब्रिगेडसारखे जगायचे होते आणि तशी तिची घडण पुरी झालेली नव्हती. उस्मान यांनी गावाचा बचाव गावात बसून केला नाही. टेकड्यांवर चौक्या बसवल्या, त्यांचे मारे एकमेकांना पूरक ठेवले आणि हाताशी एक लहानशी राखीव तुकडी राखली. ईशान्येकडील कोट हे उंचावरचे गाव शत्रूच्या ताब्यात असेपर्यंत नौशेराची प्रत्येक हालचाल त्याला दिसणार होती. १ फेब्रुवारी १९४८ रोजी कोट घेण्यात आले. त्यात मराठा आणि पंजाब या दोन्ही पॅरा पलटणी होत्या.

पाचच दिवसांनी, ६ फेब्रुवारीच्या पहाटे, हजारो हल्लेखोर नौशेरावर चालून आले. सर्वांत जबर तडाखा तैनधार चौकीला बसला. १ राजपूतचे नाईक जदुनाथ सिंह आपल्या नऊ जणांच्या चौकीत शेवटपर्यंत लढून तेथेच पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. उस्मान यांनी राखलेल्या माणसांपैकी ३ (पॅरा) राजपूतची एक कंपनी ऐनवेळी तैनधारला पोहोचली आणि चौकी वाचली. तोफखान्याच्या माऱ्याने हल्लेखोरांची फळी फुटली. कोट आधी घेतले नसते, तर त्याच तोफा आणि तीच माणसे अपुरी पडली असती. सेनापतीचे काम असते ते हे. शौर्य सैनिकाकडून अपेक्षित असते. कोणती टेकडी कोणत्या दिवशी हवी आणि कोणती कंपनी कुठपर्यंत थांबवून धरायची, हे एकट्या ब्रिगेडियरला ठरवावे लागते.

नौशेरातील आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. युद्धात पोरकी झालेली सहा ते बारा वर्षांची मुले गावात भटकत होती. उस्मान यांनी त्यांची 'बालक सेना' उभी केली, त्यांना शिस्त लावली, शिकवण्याची सोय केली आणि लढाईच्या वेळी निरोप नेण्याचे काम दिले. आजच्या दृष्टीने मुलांना असे काम देणे कोणालाही पटणार नाही, आणि पटू नये. पण ब्रिगेडचा माणूसबळाचा हिशेब किती ओढाताणीचा होता, हे त्यावरून कळते.

मार्चमध्ये झांगरवरील चढाई झाली. मोहिमेचे नाव 'ऑपरेशन विजय'. हेच नाव पुढे १९६१ मध्ये गोव्याला आणि १९९९ मध्ये कारगिलला वापरले गेले, त्यामुळे संदर्भ पाहताना विद्यार्थ्यांची गल्लत होते. पावसाने चढाई काही दिवस लांबली. १९ वी ब्रिगेड आणि ५० वी पॅराशूट ब्रिगेड अशा दोन ब्रिगेड बरोबरीने पुढे सरकल्या, सोबतीला ७ कॅव्हलरीचे हलके रणगाडे होते, आणि १८ मार्चला झांगर परत हाती आले. उस्मान यांनी तेथेच ठाण मांडले. ३ जुलै १९४८ रोजी पंचवीस पौंडी तोफेचा गोळा त्यांच्या मुख्यालयाजवळ फुटला आणि ते शहीद झाले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. त्या युद्धात वीरगती मिळालेले ते सर्वांत वरिष्ठ भारतीय अधिकारी. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांची कबर दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाच्या आवारात आहे. दफनविधीला पंतप्रधान नेहरू स्वतः उपस्थित होते.

१९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट वेगळी उभारली गेली. पंजाबची पलटण १ पॅरा झाली, मराठ्यांची २ पॅरा, कुमाऊँची ३ पॅरा. ब्रिगेडचे इतर अवयवही हळूहळू ठरत गेले. त्यांतील वैद्यकीय शाखेने कोरियात जे केले ते सांगितलेच पाहिजे. ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये तेथे गेली. डिसेंबरमध्ये प्योंगयांगमधून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा औषधे आणि उपकरणे हलवायला ट्रक नव्हते. या लोकांनी एक रेल्वे इंजिन मिळवले, ते स्वतःच चालू केले आणि सगळे सामान दक्षिणेकडे आणले. २३ मार्च १९५१ रोजी रंगराज आणि त्यांच्या पथकातील मिळून १२ जण अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर मुन्सान येथे उतरले. आपले पथक आपल्याच पायांवर कसे उभे ठेवायचे, याची सवय एकदा लागली की ती कोठेही उपयोगी पडते.

गोव्याच्या मोहिमेत ब्रिगेडची घडण कामी आलेली स्पष्ट दिसते. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनचा भर पूर्वेकडून, बेळगाव–अनमोडच्या बाजूने येणाऱ्या ६३ व्या ब्रिगेडवर होता. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडला उत्तरेकडून दोडामार्गच्या वाटेने शिरायचे होते आणि तिचे काम दुय्यम मानले गेले होते. १८ डिसेंबरला ती तीन फळ्यांत निघाली. २ पॅरा (मराठा) उसगावमार्गे फोंड्याकडे, १ पॅरा (पंजाब) बाणस्तारीच्या दिशेने, आणि पश्चिमेकडून २ शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह म्हापशाच्या बाजूने बेतीपर्यंत. यांतील शीख पलटण मूळची ब्रिगेडची नव्हती, रणगाडेही नव्हते. मुख्यालय, वायरलेस, सॅपर आणि रसद जागेवर असली की बाहेरची पलटण आणून तिच्यात बसवता येते, हे येथे दिसले. पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, नद्या जागोजागी आडव्या येत होत्या. तरी त्याच संध्याकाळी मांडवीच्या पलीकडे पणजीचे दिवे दिसू लागले. १९ च्या सकाळी मिळतील त्या होड्यांनी नदी ओलांडून जवान पणजीत आले. मुख्य मानलेली फळी मागे राहिली आणि दुय्यम मानलेली पुढे गेली.

त्याच महिन्यात आणखी एक भारतीय ब्रिगेड ग्रुप काँगोमध्ये लढत होता, हे गोव्याच्या आनंदात विसरले जाते. ब्रिगेडियर राजा यांची ९९ वी ब्रिगेड मार्च १९६१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली तेथे होती. मायदेशापासून हजारो मैल दूर, डिव्हिजन नावाची वस्तू जवळपास नाही. ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले.

टांगाईलची उडी सर्वांना माहीत आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुपारनंतर २ पॅरा लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या हुकमाखाली टांगाईलजवळ उतरली आणि लोहजंग नदीवरील पुंगलीचा पूल तिने धरला. स्वतंत्र भारताच्या सैन्याने युद्धात घेतलेली ही पहिली मोठी छत्रीउडी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एकटी पलटण कधीच उतरवली गेली नाही. तिच्याबरोबर ब्रिगेडच्या तोफखान्याची बॅटरी, ४११ व्या कंपनीचे सॅपर आणि फील्ड अँब्युलन्सचे पथक होते. वेगळ्या मांडलेल्या चुलीतून आणखी लहान चूल काढून देणे शक्य झाले, कारण माणसे एकमेकांना ओळखत होती आणि एकत्र सराव केलेली होती. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून येणारी १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण, पुंगलीला येऊन मिळाली. १६ तारखेला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्यांत २ पॅरा होती. तिची मुळे मराठा रेजिमेंटमधली, म्हणून पुंगलीची ती भेट एका अर्थी भावाभावांची.

या सर्व काळात एक उधारी मात्र फिटली नाही. विमान हवाई दलाचे असते. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये श्रीलंकेतून आणलेल्या भाडोत्री बंडखोरांनी राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांची सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला आणि त्यांनी भारताची मदत मागितली. त्याच दिवशी आग्र्याहून ब्रिगेडियर बलसारा यांच्यासह ६ पॅराचे जवान दोन आयएल-७६ विमानांतून निघाले आणि रात्री दहाच्या सुमारास, दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून, हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरले. जवळ नीट नकाशेही नव्हते. पर्यटकांसाठी छापलेला नकाशा वापरावा लागला. तेथून होड्यांनी माले गाठून राष्ट्राध्यक्षांना सुरक्षित करण्यात आले. एका छोट्या मुस्लिम राष्ट्राच्या हाकेला काही तासांत ओ देता आली, त्यामागे दोन गोष्टी होत्या. ब्रिगेड आणि विमानतळ एकाच गावात होते, आणि १९८५ मध्ये घेतलेली आयएल-७६ विमाने हाताशी होती. त्याआधीच्या विमानांना एवढा पल्ला अशा बोज्यासह एका दमात गाठणे जमले नसते.

अलीकडच्या वीस वर्षांत जगभर हाच प्रश्न पुन्हा चर्चेत आला. इराक आणि अफगाणिस्तानात एकेक ब्रिगेड आळीपाळीने पाठवावी लागल्याने अमेरिकेने २००४ पासून आपल्या ब्रिगेडना स्वतःचा तोफखाना, टेहळणी दल आणि रसदीची बटालियन कायमची देऊन टाकली. अशा 'ब्रिगेड कॉम्बॅट टीम'मध्ये चार हजारांहून अधिक माणसे असतात. डिव्हिजन हे बव्हंशी नुसते मुख्यालय उरले. रशियाने २००८ च्या सुधारणांत बहुतेक डिव्हिजन मोडून ब्रिगेड केल्या. मोठ्या, तुल्यबळ शत्रूशी गाठ पडण्याची शक्यता वाढली तसे दोघेही मागे फिरले. युक्रेनमधील अनुभवानंतर रशियाने डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिगेडच्या पुन्हा डिव्हिजन करण्याचे जाहीर केले, आणि अमेरिकेने तोफखाना व इंजिनिअर परत डिव्हिजनकडे सोपवण्यास सुरुवात केली. लहान लढाईला वेगळी चूल बरी, मोठ्या लढाईला सामाईक, असा काहीसा निष्कर्ष यातून निघतो. पण तो सरसकट लावणे धोक्याचे आहे. हिमालयात एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात तोफा नेता येत नाहीत, तेथे डिव्हिजनचा सामाईक तोफखाना कागदावरच सामाईक राहतो. कदाचित म्हणूनच भारत उलट दिशेने जात आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेशात 'हिम विजय' सरावात सर्व शाखा एकत्र असलेल्या लढाऊ गटांची चाचणी झाली, आणि २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळ, रणगाडे, तोफखाना आणि चालकरहित विमाने एकाच ब्रिगेडमध्ये आणणाऱ्या 'रुद्र' ब्रिगेडची घोषणा केली. ५० व्या ब्रिगेडला छत्रीच्या गरजेमुळे जे पूर्वीच करावे लागले, ते आता डोंगरातल्या आणि वाळवंटातल्या ब्रिगेडसाठी करण्याचा हा प्रयत्न आहे.

विमानाचा प्रश्न मात्र वेगळ्याच वाटेने सुटतो आहे. २०१३ पासून भारताकडे सी-१७ ही मोठी मालवाहू विमाने आली. मध्यम पल्ल्यासाठी जुन्या अ‍ॅव्होंच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. त्यांच्या मागच्या दारातून छत्रीसैनिक उडी घेऊ शकतात. या ५६ पैकी ४० विमानांची जुळणी भारतात करायची ठरली असून तिचा कारखाना वडोदऱ्यात उभा राहिला आहे. त्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.